पिशवी काढायची की फक्त गाठी? आधी कोणती गाठ कुठे आहे ते पाहू

तुम्ही विचारलंय ते आधी थोडक्यात मांडते, म्हणजे मी नेमकं कशाला उत्तर देते आहे ते स्पष्ट राहील. वय ३६, मूल नाही, पण हवं आहे. दीड वर्षापासून पाळीत आठ-नऊ दिवस गुठळ्या पडून अंगावरून जातं आणि हिमोग्लोबिन ८.२ वर आलंय. सोनोग्राफीत तीन फायब्रॉइड दिसले. गर्भाशयाच्या मागच्या भिंतीत ७ सेंटिमीटरचा, बाहेरच्या अंगाला ३ सेंटिमीटरचा आणि २ सेंटिमीटरचा एक 'आतल्या अस्तराला लागून'. एक डॉक्टर म्हणाले, पिशवी काढा, नाहीतर गाठी पुन्हा पुन्हा होत राहतील. दुसरे म्हणाले, फक्त गाठी काढता येतील. यातलं खरं काय, आणि गाठी काढल्यावर पिशवी खरंच कामाची राहते का, हा तुमचा प्रश्न.

गाठी पुन्हा होऊ शकतात हे खरं आहे आणि फक्त गाठी काढता येतात हेही खरं आहे. पण तुमच्या वयात, मूल हवं असताना, पिशवी काढणं हा पहिला सल्ला असू नये असं माझं स्पष्ट मत आहे. फायब्रॉइड म्हणजे गर्भाशयाच्या स्नायूंतून वाढणाऱ्या, कर्करोग नसलेल्या गाठी. पन्नाशीपर्यंत बहुसंख्य स्त्रियांमध्ये लहान-मोठ्या गाठी असतात आणि त्यातल्या कितीतरी जणींना त्यांचा पत्ताही नसतो. त्यामुळे गाठ आहे एवढ्यावरून शस्त्रक्रिया ठरत नाही. ती कुठे आहे, काय त्रास देते आणि तुम्हाला पुढे काय हवंय, यावर ठरते.

तुमच्या तीन गाठी म्हणजे तीन वेगळे प्रश्न आहेत. रिपोर्ट हातात आला की सगळ्यांची नजर ७ सेंटिमीटरवर जाते. माझी आधी २ सेंटिमीटरवर जाईल. गर्भाशयाच्या पोकळीत डोकावणारी छोटीशी गाठसुद्धा बेसुमार रक्तस्राव घडवू शकते, आणि बाहेरच्या अंगाला लटकणारी मोठी गाठ पाळीत काहीही फरक न पाडता वर्षानुवर्षं राहू शकते. २०११ पासून स्त्रीरोगतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाची म्हणजे 'फिगो'ची वर्गवारी यासाठी वापरली जाते. शून्य म्हणजे देठाने पूर्णपणे पोकळीत लोंबणारी गाठ. १ म्हणजे अर्ध्याहून जास्त भाग पोकळीत, २ म्हणजे निम्मी किंवा त्याहून जास्त भिंतीत. ३ म्हणजे सगळी भिंतीत, पण अस्तराला टेकलेली. ४ म्हणजे पूर्ण भिंतीच्या आत. ५ ते ७ बाहेरच्या अंगाच्या. तुमच्या रिपोर्टमधलं 'अस्तराला लागून' हे १, २, ३ यांपैकी काहीही असू शकतं, आणि पुढचा मार्ग त्यावरच अवलंबून आहे. शून्य आणि १ या प्रकारांच्या गाठी योनिमार्गातून दुर्बीण घालून, पोटावर एकही छेद न घेता निघतात. २ प्रकारची अवघड असते आणि कधी दोन बैठका लागतात. ३ प्रकारची तशी काढायला फार सराव लागतो.

म्हणून निर्णयाआधी आणखी एक तपासणी करून घ्या असं मी सांगेन. एकतर गर्भाशयाच्या पोकळीत सलाइन सोडून केलेली सोनोग्राफी, नाहीतर एमआरआय. सलाइनमुळे पोकळी उघडते आणि गाठीचा किती भाग आत आलाय ते नीट दिसतं. पाळी थांबल्यानंतरच्या पहिल्या काही दिवसांत ती करतात. तुमच्या बाबतीत मी एमआरआयकडे झुकेन, कारण ७ सेंटिमीटरची ती 'गाठ' खरंच फायब्रॉइड आहे का हे मला आधी बघायचं असतं. ॲडेनोमायोसिस नावाचा एक आजार आहे. त्यात गर्भाशयाच्या अस्तराची ऊती स्नायूंच्या भिंतीत शिरते. ती एका ठिकाणी साचली की सोनोग्राफीत फायब्रॉइडसारखी दिसू शकते. फरक शस्त्रक्रियेच्या टेबलावर कळतो तेव्हा उशीर झालेला असतो, कारण फायब्रॉइडला सोडवता येण्याजोगी कड असते आणि ॲडेनोमायोसिसला नसते. ते निरोगी स्नायूत मिसळलेलं असतं. काढायचं तर चांगला स्नायूही कापावा लागतो. पाळीत कळा खूप येत असतील आणि त्या वर्षागणिक वाढत असतील तर ही शंका जास्त घ्यायची. तुम्ही दुखण्याबद्दल काही लिहिलेलं नाही. डॉक्टरांना ते आवर्जून सांगा.

आता सगळ्यात तातडीची गोष्ट. ८.२ हिमोग्लोबिनवर ठरवून करायची शस्त्रक्रिया करू नये. गाठी काढताना रक्त जातं, कधी बरंच जातं, आणि पिशवी वाचवायची असेल तर रक्ताचा साठा आधीच भरलेला हवा. रक्त कमी असलेल्या रुग्णात थोडा रक्तस्रावही धोक्याचा ठरतो, आणि अशा वेळी शल्यचिकित्सकाकडे शांतपणे टाके घालायला वेळ उरत नाही. लोहाच्या गोळ्या सोसत नसतील किंवा वेळ कमी असेल तर शिरेतून लोह देता येतं. त्याने हिमोग्लोबिन महिन्याभरात साधारण एक ते दोन ग्रॅमने चढतं, मात्र अंगावरून रक्त जाणं सुरूच राहिलं तर चढलेलं पुन्हा उतरतं. त्यासाठी पाळीच्या दिवसांत रक्तस्राव कमी करणारं ट्रानेक्झॅमिक ॲसिड देता येतं (पूर्वी शिरेत रक्ताची गुठळी झाली असेल तर ते टाळतात). गरज पडली तर दोन-तीन महिने पाळी पूर्ण थांबवणारी इंजेक्शनंही असतात. या इंजेक्शनांनी गाठ तिसऱ्या हिश्श्याने ते निम्म्याने आक्रसते, पण ते फुकट मिळत नाही. घाम, अंगातून वाफा येणं असा ऋतुनिवृत्तीसारखा त्रास होतो, औषध थांबलं की गाठ पूर्ववत वाढते, आणि शस्त्रक्रियेत गाठीची कड अस्पष्ट होऊन ती सोडवणं अवघड जातं. बारीक गाठी तर सापडेनाशा होतात. म्हणून नुसता आकार कमी करायला मी ती सहसा देत नाही. रक्त भरून काढायला महिने हवे असतील तेव्हा देते.

गाठ काढतात म्हणजे काय करतात, हे रुग्णांना फारसं कुणी समजावत नाही आणि भीती तिथूनच येते. भिंतीतला फायब्रॉइड म्हणजे गादीत रुतलेला चेंडू समजा. तो स्नायूंचे धागे खाऊन वाढलेला नसतो, त्यांना बाजूला ढकलून वाढलेला असतो. त्या दाबलेल्या धाग्यांचं आणि रक्तवाहिन्यांचं एक आवरण त्याच्याभोवती तयार होतं. नेमक्या त्या पातळीवर पोहोचलं की गाठ सुटून बाहेर येते आणि तुमचा स्वतःचा स्नायू जागेवर राहतो. हे कौशल्य शंभर वर्षांहून जुनं आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ब्रिटिश शल्यचिकित्सक व्हिक्टर बॉनी यांनी गर्भाशयाच्या रक्तवाहिन्या तात्पुरत्या दाबून धरणारा चिमटा बनवला आणि तरुण स्त्रीची पिशवी उगाच काढू नये म्हणून आयुष्यभर आग्रह धरला. आज रक्त कमी जावं म्हणून गर्भाशयाच्या स्नायूत व्हॅसोप्रेसिन हे रक्तवाहिन्या आवळणारं औषध पातळ करून टोचतात, पोट उघडून केलं तर गर्भाशयाच्या तळाशी रबरी पट्टा आवळतात, ट्रानेक्झॅमिक ॲसिड देतात.

गाठ निघाल्यावर उरतो तो खड्डा. माझ्या दृष्टीने या शस्त्रक्रियेचा अर्धा भाग तिथे असतो. ७ सेंटिमीटरच्या गाठीचा खड्डा दोन-तीन थरांत, तळापासून, मोकळी जागा न ठेवता शिवावा लागतो. पोकळी उघडली असेल तर तो थर वेगळा सांधावा लागतो. रक्त थांबवायला विजेच्या उपकरणाने स्नायू जाळत बसलं तर तो भाग नीट भरून येत नाही. टाक्यांनी थांबलेलं रक्त केव्हाही चांगलं. पुढे गरोदरपणात याच शिवणीवर ताण येणार असतो. म्हणून पोटावरच्या बारीक छेदांतून दुर्बीण घालून करायचं की पोट उघडून, या प्रश्नाला माझं उत्तर असं असतं: ज्या पद्धतीने तुमचे शल्यचिकित्सक थर नीट शिवू शकतात ती. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत दुखणं कमी, रक्त कमी, घरी लवकर जाता येतं, हे सगळं खरं आहे. सरावलेल्या हातांना ७ सेंटिमीटरची एक गाठ दुर्बिणीतून काढणं नेहमीचं काम आहे. पण तिथे टाके घालणं कठीण असतं आणि ते सगळ्यांना सारखं जमत नाही. गाठी दहा-बारा असतील, किंवा एखादी अगदी खोल, गर्भाशयाच्या मुखाजवळ असेल, तर पोट उघडून हाताने चाचपून काढणं जास्त चांगलं ठरू शकतं. बोटांना जाणवणारी १ सेंटिमीटरची गाठ पडद्यावर दिसत नाही. तेव्हा पोट उघडावं लागेल असं कुणी म्हटलं तर ते मागासलेले आहेत असं धरू नका. कारण विचारा आणि ते पटतंय का पाहा.

दुर्बिणीतून मोठी गाठ बाहेर काढताना तिचे तुकडे करावे लागतात, आणि याबद्दल तुम्ही कुठेतरी भीतीदायक वाचलं असेल. २०१४ साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने पोटात यंत्राने तुकडे करण्याविरुद्ध इशारा दिला. फायब्रॉइड समजून शस्त्रक्रिया झालेल्या साधारण ३५० स्त्रियांमागे एकीत न ओळखलेला सार्कोमा म्हणजे कर्करोग असू शकतो, असा त्यांचा अंदाज होता. वय वाढेल तसा हा धोका वाढतो, तुमच्या वयात तो बराच कमी आहे. तरीही तुकडे पोटात सरकवलेल्या बंद थैलीच्या आत केले जातील ना, हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. ऋतुनिवृत्तीनंतर वाढत जाणारी गाठ, किंवा एमआरआयमध्ये संशयास्पद दिसणारी गाठ असेल तर हा सगळा विचार बदलतो.

पोकळीतल्या गाठीसाठीचा मार्ग वेगळा आहे, आणि ती १ प्रकारची निघाली तर मी बहुधा तिच्यापासूनच सुरुवात करेन. योनिमार्गातून दुर्बीण घालून ती कापून काढतात. पोकळी फुगवायला सोडलेलं द्रव शरीरात शोषलं जातं, म्हणून किती गेलं आणि किती परत आलं याचा हिशेब सतत ठेवावा लागतो. सलाइन वापरलं तर निरोगी स्त्रीत अडीच लिटरचा फरक पडताच थांबायचं, गाठ उरली असली तरी. उरलेली पुढच्या बैठकीत. त्यामुळे 'अर्धवट राहिली' असं सांगितलं तर अनेकदा तो डॉक्टरांचा सावधपणा असतो. पोकळीत समोरासमोरच्या भिंतींवर गाठी असतील तर दोन्ही एकदम काढू नयेत. दोन कच्च्या जागा एकमेकींना चिकटू शकतात.

समजा, ही छोटी गाठ निघाली आणि पाळी ताळ्यावर आली. मग ७ सेंटिमीटरच्या गाठीचं काय? इथे 'हे परिस्थितीवर अवलंबून आहे' हे मला मनापासून म्हणावं लागतं. ती पोकळीला दाबून वाकवत असेल तर गर्भधारणेआधी काढावी. पोकळी सरळ असेल, तर भिंतीतल्या गाठी काढल्याने मूल राहण्याची शक्यता किती वाढते याबद्दल तज्ज्ञांत एकमत नाही. दोन्ही बाजूंना खरी किंमत आहे. गाठ ठेवली तर गरोदरपणात ती वाढू शकते, तिचा रक्तपुरवठा तुटून खूप दुखू शकतं, बाळाची स्थिती बदलू शकते, तरी फायब्रॉइड असलेल्या बहुतेक स्त्रियांची बाळंतपणं नीट पार पडतात. गाठ काढली तर गर्भाशयावर व्रण राहतो, मागच्या भिंतीवरच्या छेदाला आतडं किंवा बीजनलिका चिकटण्याचा धोका असतो, आणि काही महिने थांबावं लागतं. किती दिवस प्रयत्न चाललेत, आधी गर्भपात झाले आहेत का, बीजांचा साठा कसा आहे, हे कळल्याशिवाय मी यातलं एक निवडणार नाही. बाहेरच्या अंगाची ३ सेंटिमीटरची गाठ मात्र मूल राहण्याच्या आड येत नाही. पोट उघडलंच किंवा दुर्बीण घातलीच तर ती जाता जाता काढता येईल. केवळ तिच्यासाठी शस्त्रक्रिया करू नये.

तुमच्या पहिल्या डॉक्टरांच्या मुद्द्याकडे येते. हो, गाठी पुन्हा होतात. काढलेली गाठ परत येत नाही, पण त्याच गर्भाशयात नव्या उगवतात किंवा न दिसलेल्या बारीक गाठी मोठ्या होतात. पाच-सात वर्षांनी सोनोग्राफी केली तर बऱ्याच जणींत काही ना काही दिसतं. पण दिसणं वेगळं आणि त्यासाठी पुन्हा शस्त्रक्रिया लागणं वेगळं. दुसरी वेळ त्यांतल्या थोड्यांवरच येते. सुरुवातीला गाठी जितक्या जास्त आणि वय जितकं कमी तितकी ही शक्यता जास्त. एक-दोन मोठ्या गाठी असणारीचं भविष्य वीस बारीक गाठी असणारीपेक्षा बरंच चांगलं असतं. शिवाय ऋतुनिवृत्तीनंतर गाठी आपोआप आक्रसतात. तुमच्या ३६व्या वर्षी आपण गाठी कायमच्या संपवायला निघालेलो नाही. मूल होईपर्यंत आणि पाळी जाईपर्यंतची वर्षं नीट जावीत एवढं हवं आहे.

मी पिशवी काढण्याचा सल्ला कधी देते? सत्तेचाळिशीची स्त्री, मुलं झालेली, गर्भाशयभर गाठी, सोबत ॲडेनोमायोसिस, औषधं करून थकलेली. तिथे ती शस्त्रक्रिया त्रास कायमचा संपवते आणि बहुतेक जणी समाधानी असतात. तिथेही अंडाशय काढणं हा वेगळा निर्णय आहे, तो पिशवीसोबत आपोआप होऊ देऊ नये. आणि मूल नको असलेली एखादी स्त्री म्हणाली की मला माझं गर्भाशय ठेवायचंय, तर तेवढं कारण मला पुरतं. 'आता पिशवीचा उपयोग काय' हे वाक्य मी कुणालाही बोलू देत नाही.

बाकी पर्यायांवर फार वेळ घेत नाही. गाठीच्या रक्तवाहिन्या बंद करणारं एम्बोलायझेशन रक्तस्रावावर चांगलं काम करतं, पण मूल हवं असेल तर मी ते आधी सुचवत नाही. त्यानंतरच्या गरोदरपणाबद्दलची माहिती गाठी काढण्याइतकी भक्कम नाही. ध्वनिलहरींनी गाठ जाळण्याचंही साधारण तसंच. संप्रेरक सोडणारं गर्भाशयातलं साधन रक्त कमी करतं, मात्र पोकळी वाकडी असेल तर ते बाहेर पडू शकतं, आणि ते असताना गर्भ राहत नाही.

संमतिपत्राबद्दल एक गोष्ट नक्की करा. 'गरज पडल्यास गर्भाशय काढण्यास संमती' असं त्यात बहुधा असतं. अनुभवी हातांत हे शंभरात एकीपेक्षाही कमी वेळा घडतं, आणि तेही रक्त कशानेच थांबेना तेव्हाच. ते वाक्य खोडू नका, पण शस्त्रक्रियेच्या आधी डॉक्टरांसमोर बसून विचारा: कोणत्या परिस्थितीत, आणि त्याआधी तुम्ही काय काय कराल? रक्ताची सोय आहे का? तुम्ही अशा शस्त्रक्रिया नेहमी करता का? चांगले शल्यचिकित्सक या प्रश्नांनी नाराज होत नाहीत. जे होतात त्यांच्याकडून उठून दुसरं मत घ्या.

नंतरचे दिवस. पहिल्या दोन दिवसांत थोडा ताप येणं या शस्त्रक्रियेनंतर नेहमीचं आहे. तो टिकला, वाढला, किंवा पोट फुगून उलट्या होऊ लागल्या, तर लगेच दाखवा. योनिमार्गातून गाठ काढली असेल तर काही दिवसांत, दुर्बिणीने पोटातून काढली तर दोन-चार आठवड्यांत आणि पोट उघडून काढली तर चार ते सहा आठवड्यांत रोजची कामं सुरू करता येतात. भिंतीतली मोठी गाठ काढल्यावर गर्भधारणेसाठी साधारण तीन ते सहा महिने थांबायला सांगते. पोकळीतली छोटी गाठच काढली असेल तर दोन-तीन महिने पुरतात.

बाळंतपणात गर्भाशय व्रणावर फाटणं दुर्मीळ आहे, शंभरात एकीपेक्षा कमी, पण ते झालं तर आई आणि बाळ दोघांच्या जिवावर बेतू शकतं. म्हणून व्रण खोल असेल किंवा पोकळी उघडली असेल तर कळा सुरू होण्याआधी सिझेरियन ठरवतात. फक्त बाहेरची किंवा फक्त योनिमार्गातून गाठ काढली असेल तर बहुधा त्याची गरज नसते. हा निर्णय घेताना तुमच्या बाळंतपणाच्या डॉक्टरांना एकच गोष्ट हवी असते: आत नेमकं काय केलं होतं. घरी जातानाच्या कागदात अनेकदा 'गाठी काढल्या' एवढंच लिहिलेलं असतं. तेवढ्यावर थांबू नका. किती गाठी, कोणत्या भिंतीवर, किती खोल, पोकळी उघडली की नाही, किती थरांत शिवलं, हे सगळं असलेली शस्त्रक्रियेची पूर्ण नोंद मागून घ्या आणि गाठीच्या तपासणीच्या अहवालासोबत जपून ठेवा. गरोदर राहिल्यावर पहिल्याच भेटीत ती डॉक्टरांना दाखवा.